जळगाव, सावदा, बऱ्हाणपूर: जडावकामाच्या मागावर

जळगावचा सराफ बाजार सोन्याच्या चोखपणासाठी ओळखला जातो, परंतु मला तेथे एकच गोष्ट पाहायची होती: खडा सोन्यात बसतो कसा? एका पेढीच्या माडीवर कारागीर मांडी घालून कामाला बसले होते. त्यांच्यातील एकाच्या हाती कुंदनकामाचे पदक होते. सोन्याच्या पातळ पत्र्याच्या घरात त्याने आधी लाख भरली होती. तिच्यावर चकाकणारा डांक, म्हणजे खड्याखाली घालायचा धातूचा पातळ वर्ख, ठेवून त्याने तांबडा खडा बसवला आणि खडा व घराची भिंत यांच्यामधील फटीत चोख सोन्याची बारीक पट्टी टोकदार सळईने थोडी थोडी दाबत नेली. शुद्ध सोने इतके मऊ असते की नुसत्या दाबाने त्याचे थर एकजीव होतात, आचेवर झाळावे लागत नाही. पदक माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "घ्या भाऊ, आता हलवून बघा." मी नखाने रेटून पाहिले, खडा जागचा हलला नाही.

माझ्या मते जडावकामाचे सारे मर्म या घरात आहे. खड्याचे मोल बाजार ठरवतो, पण तो टिकेल की निखळेल हे त्याच्यासाठी केलेली पोकळी ठरवते. बिदरी कामात जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर आधी चर कोरतात आणि मग त्यात चांदीची तार ठोकतात, म्हणजे ती चरात पसरून घट्ट बसते. शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने भांडे काळे होते, चांदी मात्र पांढरीच राहते. दंतवैद्यही हेच काम करतात. किडलेला भाग काढून ते दाढेत पोकळी घडवतात, तिचे माप घेऊन सोन्याचा किंवा सिरॅमिकचा तुकडा बाहेर तयार करवून घेतात आणि तो सिमेंटने बसवतात. येथे पोकळीच्या भिंती वरच्या बाजूला किंचित फाकलेल्या ठेवाव्या लागतात, कारण तयार तुकडा कडक असतो आणि तो ठोकून पसरवता येत नाही. प्रत्येक पदार्थाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वेगळे घर लागते, हे मला फार मोलाचे वाटते.

भुसावळ मागे टाकून केळीच्या बागांमधून सावद्याला पोहोचलो. या परिसरातील दगडखाणी जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहेत. मुकादमाची परवानगी घेऊन मी नुकत्याच फुटलेल्या काळ्या पाषाणाजवळ गेलो. त्यात मुठीएवढी एक पोकळी उघडी पडली होती. कडेने फिकट गुलाबी स्टिल्बाइटच्या पाकळ्या आणि त्यांच्यावर काचेसारखे नितळ, हिरवट झाक असलेले अपोफिलाइटचे स्फटिक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकात झिरपलेल्या पाण्याने विरघळलेली द्रव्ये आणून त्या भरल्या. काही पोकळ्या गच्च भरलेल्या होत्या, काही अर्ध्याच. अशा खाणींतील बराचसा दगड खडीसाठी जातो. असे नमुने निदान जिल्ह्याच्या शाळांपर्यंत पोहोचावेत, असे मला मनापासून वाटते.

रावेरवरून पुढे बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी राजांच्या खानदेशाची ही राजधानी. येथेच १६३१ मध्ये मुमताजमहलचा मृत्यू झाला. तापीपलीकडे जैनाबादेच्या आहुखान्यात, म्हणजे मृगोद्यानात, तिला तात्पुरते दफन केले आणि नंतर तिचा देह आग्र्याला नेला. तेथे तिच्या कबरीभोवती जी पच्चीकारी, म्हणजे संगमरवरात रंगीत दगड बसवण्याचे काम, झाली, तिच्यात कामाचा क्रम उलटा असतो: अकीक, लाजवर्द अशा दगडांच्या पाकळ्या आधी कुरुंदाच्या चाकावर घासून घडवायच्या, मग प्रत्येक पाकळी संगमरवरावर ठेवून तिच्या कडेने रेघ मारायची आणि तेवढीच खाच कोरायची. म्हणजे येथे घर तुकड्याच्या मापाने होते, आणि पाकळी अर्ध्या केसाने जरी चुकली तरी सांध्यातील मसाला डोळ्यांत भरतो.

बऱ्हाणपुरात मात्र असे काम शोधूनही मला दिसले नाही. शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर आहे ती रंगवलेली नक्षी. मान वर करून मी ती बराच वेळ पाहिली: वेलींची वळणे सुरेख आहेत, पण रंग पृष्ठभागावरच असल्याने गिलावा जेथे सुटला तेथे फूलही गेले आहे. पच्चीकारीतील पाकळीला दगडाची जाडी असते. वरचा थर झिजला तरी खाली तोच रंग आणि तोच आकार राहतो.