आमची वाटचाल: एक उलटा क्लॅम्प

दुकानात, हॉटेलात वीज कुठे जास्त जाते ते मोजून सांगणं, म्हणजे एनर्जी ऑडिट, हे आमचं काम. त्याआधी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत मी वायरमन होतो. मोटर जळली, ब्रेकर ट्रिप झाला की बोलावणं यायचं. बिल का वाढलं ते शोधायला मला पहिल्यांदा बोलावलं खडेबाजारातल्या एका साडी दुकानदाराने. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. गेलो होतो पंखा दुरुस्त करायला, तर त्यांनी बिलांची चळत पुढे ठेवली. “पंखा राहू दे रे. कुलूप घातल्यावर माझं मीटर कोण फिरवालंय, ते सांग आधी.”

माझ्याकडे तेव्हा फक्त टोंग टेस्टर, वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा. त्यावर त्या क्षणाचा करंट दिसतो, रात्रभराचा नाही. माझ्या इंजिनिअर मित्राने, जो पुढे भागीदार झाला, तीन फेजचा लॉगर, म्हणजे वीज सतत मोजून नोंदत राहणारं यंत्र, भाड्याने आणला. पंधरा मिनिटांना एक नोंद, दिवसाच्या ९६, आठवड्याच्या ६७२. सगळे कागद मी घरी जमिनीवर पसरले. दुकान रात्री साडेनऊला बंद होऊन सकाळी साडेनऊला उघडायचं, आणि मधल्या बारा तासांत लोड दोन किलोवॅटच्या खाली उतरतच नव्हता. पाटीचे दिवे बंद, एसी बंद. शेवटी एक रात्र दुकानातच झोपलो. मध्यरात्री मागच्या आडातून पाणी पडल्याचा आवाज आला. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच अडकला होता. दोन एचपीचा पंप अखंड चालू, आणि टाकीतून वाहून जाणारं पाणी पाइपाने परत आडात. कुठे ओल नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही नाही. नुसती रात्रीचीच २४ युनिटं, महिन्याला सातशेच्या वर. काकांनी फी तर दिलीच, वर स्वतःचा लॉगर घ्यायला बिनव्याजी पैसे दिले. तो लॉगर अजून आमच्या कपाटात आहे आणि अजून चालतो.

मग निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक. मंगल कार्यालयं, दवाखाने, बँका. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर हे काम करायचं तर दोन्हीकडची बिलं वाचता यायला हवीत. इकडे कर्नाटकातल्या हेस्कॉम या वीज कंपनीचं कन्नडात, चंदगडला उतरलं की महावितरणचं मराठीत. त्यावरच्या ‘गुणक अवयवा’ने मीटरच्या दोन रीडिंगांमधला फरक गुणायला विसरलात, तर पुढचं सगळं गणित वाया.

आता हायवेवरच्या त्या हॉटेलबद्दल लिहितो. आमच्या व्यवसायातलं एवढं मोठं काम पहिलंच. चौदा दिवस लॉगर लावले: मेन इनकमरला (सगळी वीज आत येते ती जागा), लाँड्रीला, किचनला, चिलरला (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र). चिलरच्या पॅनलमध्ये जागा अरुंद, उजेड कमी. आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने तीनपैकी बी फेजचा क्लॅम्प, म्हणजे वायरीभोवती लावायचा लॉगरचा चिमटा, उलटा लावला. क्लॅम्पवरचा बाण लोडकडे हवा, तो सप्लायकडे झाला. दोन फेज अधिक, एक वजा. म्हणजे एकूण पॉवर खऱ्याच्या एक तृतीयांश. मी फक्त बेरजेचा रकाना पाहिला आणि सही केली. रिपोर्टात लिहिलं की चिलर उत्तम आहे, खर्च दिव्यांत आणि लाँड्रीत आहे. मालकांनी आमच्या शब्दावर सगळे दिवे बदलले. बिल थोडं हललं, पण आम्ही सांगितलं होतं तेवढं नाही.

त्यांचा फोन आल्यावर मी रात्रभर फाइल उघडून बसलो. आर, वाय, बी असे तिन्ही रकाने वेगळे काढले, आणि बी फेजच्या प्रत्येक आकड्याआधी वजाचं चिन्ह. सकाळी स्वतः हॉटेलवर गेलो, चूक लेखी दिली, फी परत केली, स्वखर्चाने आठवडाभर पुन्हा मोजलं. चिलर खरोखरच जास्त वीज खात होता. कारणही सापडलं: बोअरचं जड पाणी, चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत क्षाराचा थर. नळ्या साफ करा आणि पाण्यातला जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवा, एवढंच आमचं म्हणणं होतं.

तोवर मोठ्या शहरातली एक कंपनी तिथे पोचली होती. दोन दिवस राहिले, बारा महिन्यांची बिलं घेतली, पॅनलचं दार उघडलंसुद्धा नाही. नवा चिलर सुचवला, आणि तो त्यांनीच विकला. माझं माफीचं पत्र त्यांच्या माणसाने बाजारभर दाखवलं, “यांना क्लॅम्पसुद्धा लावता येत नाही” म्हणत. वर्षभर आम्हाला एकही मोठं काम मिळालं नाही. दोन पोरं सोडून गेली. भागीदार पुण्याला नोकरीला गेला. त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी लहान मुलं होती. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. चूक माझी होती, ती मी कबूल केली. पण काहीच न मोजता रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही, हे मला अजून बोचतं.

काकांच्याही कानावर ते पत्र गेलं होतं. त्यांनी मला दुकानात बोलावलं, चहा मागवला आणि शेजारच्या तीन दुकानदारांसमोर म्हणाले, “ह्यानं चूक लिहून दिलीया. मला असलाच माणूस पायजे.” त्या तिघांचीही कामं मिळाली. आम्ही पुन्हा उभे राहिलो ते तिथून.

नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या पोरांना सांगतो. क्लॅम्प लावल्यावर बाणाचा फोटो काढा. लॉगरचं घड्याळ मोबाइलशी जुळवा. आठवड्याची युनिटं वीज कंपनीच्या मीटरच्या फरकाशी ताडून बघा. जुळली नाहीत तर रिपोर्टाचं पहिलं पानही लिहू नका. हॉटेलवर मेन इनकमर जुळला म्हणून मी निर्धास्त राहिलो. खालच्या फीडरांची, म्हणजे लाँड्री, किचन, चिलरकडे जाणाऱ्या लायनींची, बेरीज मेनशी ताडून बघितली असती, तर चिलरची तूट तिथेच दिसली असती. कापड दुकानाचं मोजमाप गणपतीत किंवा लगीनसराईत घेऊन वर्षाचा अंदाज बांधू नका. आणि एक रात्र त्या इमारतीत काढा.

आमच्या प्रत्येक क्लॅम्पवरचा बाण आता लाल रंगाने रंगवलेला आहे. पाटल्या सोडवून आणल्या. पुण्याकडे जाताना हायवेवरून त्या हॉटेलचा कूलिंग टॉवर दिसतो. त्यांनी चिलर नवा घेतला, पण पाणी अजून त्याच बोअरचं आहे आणि सॉफ्टनर बसवलेला नाही.