मावशींचे पाय

आज पवित्र गुरुवार, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण करायचा दिवस. नंदुरबारच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत यंदा पाय धुवायची सेवा माझ्याकडे आली. एका मावशींनी पाय झटकन मागे घेतला. "नका हो दादा, घाण आहेत."

हंगामभर मिरची वाळवायच्या पथारीवर राबलेले पाय. टाचांच्या भेगांत लाल भुकटी अजून बसलेली. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्रही असाच नको म्हणाला होता, मुलांना मी कितीदा शिकवलंय! तरी खरं सांगतो, गुडघे टेकताना मला आधी आठवली माझी नवी पॅन्ट. प्रभू, क्षमा कर.

भेगांत पाणी लागलं तशा मावशी कळवळल्या. मग हळूच पाय धुतले, टॉवेलने टिपले.

जेवणानंतर पाहतो तर मावशी मागच्या मोरीवर एकट्याच सगळ्यांची ताटं घासत होत्या. मी शेजारी बसून विसळायला घेतली.