तकायासूच्या आजारात आयुष्यमान कशावर ठरते

माझ्या धाकट्या बहिणीला तकायासू आर्टेरायटिस आहे. महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी) आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना सूज आणून त्या हळूहळू अरुंद करणारा हा दुर्मीळ आजार बहुधा चाळिशीच्या आतल्या स्त्रियांना होतो. निदान कळल्यावर नागपुरातले आमचे सगळे नातलग आजाराचे नावच घोकत बसले. पण पुढची वर्षे नावावर फारशी ठरत नाहीत, असे वाचन आणि डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यातून माझे ठाम मत झाले आहे.

इशिकावा आणि माएतानी या संशोधकांनी १२० जपानी रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन १९९४ साली निष्कर्ष मांडले. पंधरा वर्षांनंतर जिवंत असण्याचे प्रमाण एकूण ८२.९ टक्के होते. मात्र डोळ्यांच्या पडद्याची हानी, उच्च रक्तदाब, महाधमनीच्या झडपेची गळती किंवा धमनीचा फुगा यांपैकी मोठी गुंतागुंत झालेल्यांत ते ६६.३ टक्के, तर न झालेल्यांत ९६.४ टक्के होते. आजार सतत पुढे सरकत राहणे हाही तितकाच गंभीर घटक ठरला. हे आकडे आजच्या औषधांपूर्वीचे आहेत, हे घाबरलेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावे.

भारतीय रुग्णांत पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या अधिक वेळा बाधित होतात, त्यामुळे उच्च रक्तदाब हा आपल्याकडचा मुख्य शत्रू आहे, आणि तो लपून राहतो. हाताची धमनी अरुंद असली की त्या हातावर बीपी कमी दिसते, प्रत्यक्षात हृदयावर आणि मेंदूवर मात्र मोठा दाब पडत असतो. म्हणून दोन्ही हातांत आणि दोन्ही पायांत मोजून कोणता आकडा खरा मानायचा हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. चारही ठिकाणी भरवसा नसेल तर कॅथेटर म्हणजे बारीक नळी धमनीत घालून आतला दाब पाहावा लागतो. बहिणीच्या फाइलच्या पहिल्याच पानावर आम्ही 'बीपी उजव्या हातावरच घ्यावे' असे ठळक लिहून ठेवले आहे, कारण घाईच्या ओपीडीत हे दर वेळी तोंडी सांगणे तिला जड जाते.

ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आली म्हणजे सूज थांबली असे नसते, त्यामुळे ठरावीक काळाने धमन्यांचे स्कॅनिंग आवश्यक असते. सूज दाबणारे स्टेरॉइड मनाने बंद करणे तर धोक्याचेच. किडनीच्या दोन्ही धमन्या अरुंद असतील तर बीपीच्या काही गोळ्यांनी क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावल्याची रक्तातली खूण) वाढू शकते, आणि नागपूरच्या मे महिन्यात अंगातले पाणी कमी झाले की हा धोका आणखी वाढतो. त्या दिवसांत क्रिएटिनिनची तपासणी आम्ही लांबणीवर टाकत नाही.