स्वच्छ आवाजाचा टेक

मी साताऱ्यात लग्नांचं शूटिंग करतो. अक्षता पडल्या की पडल्या, तिथं भटजींना 'जरा पुन्हा म्हणा' असं सांगायची सोय नाही. त्यामुळे मुलाखतीचं काम आलं की मला सुटी लागल्यासारखं वाटायचं. माणूस एका जागी बसलेला, उजेड आपल्या हातात, काही बिनसलं तर पुन्हा विचारायचं. त्या 'पुन्हा विचारायचं'वरच सध्या माझं डोकं अडकलंय.

काम एका बाहेरच्या संस्थेचं होतं, नाव घेत नाही. विषय कोरियन युद्धाचा. 1953 मध्ये कोरियाला गेलेला एखादा हयात भारतीय सैनिक त्यांना हवा होता आणि आमच्या भागात एक सापडला. नव्वदीला आलेले. गावात सगळे अण्णा म्हणतात. आमच्याकडे अशी गावं आहेत की ज्या घरात फौजेतला फोटो नाही ते घर शोधावं लागतं, त्यातलंच हे एक.

मला त्या युद्धाची माहिती शाळेच्या पुस्तकापुरती होती. साम्यवाद आहे तिथंच रोखायचा, हे अमेरिकेचं धोरण ट्रूमन यांनी 1947 मध्ये जाहीर केलं. जून 1950 मध्ये उत्तर कोरियाचं सैन्य 38 अंश अक्षांशाची रेषा ओलांडून खाली आलं आणि ते धोरण बंदूक घेऊन उभं राहिलं. पुढं चीनही उतरला. लढाई जिथून सुरू झाली जवळजवळ तिथंच येऊन थांबली, तरी तह होईना. घोडं अडलं कैद्यांवर. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत, आमची माणसं सगळी परत द्या. अमेरिका म्हणे, ज्याला जायचं नाही त्याला ढकलणार नाही. एकेक कैदी म्हणजे एकेक मत झालं, कुठली राजवट बरी याचं. या वादात वर्षाहून जास्त काळ गेला आणि तेवढ्यात आणखी हजारो माणसं मेली. शेवटी 27 जुलै 1953 ला युद्धविराम झाला आणि परत जायला नकार देणारे 22,000 हून जास्त कैदी भारताच्या ताब्यात द्यायचं ठरलं. पाच तटस्थ देशांचा आयोग, अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. राखणीला सुमारे 6,000 भारतीय सैनिक, आणि त्यांचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. आमचे अण्णा त्या सहा हजारांतले एक.

शूटिंगच्या दिवशी अण्णा सकाळपासून कोट घालून, मेडलं लावून बसले होते. दिवस उन्हाळ्याचे. पत्र्याचं घर, त्यामुळे आवाज टणटण घुमतो. मी भिंतीला गोधड्या लावल्या, खाली सतरंजी टाकली, पंखा बंद केला. फ्रीज बंद करताना नेहमीप्रमाणे गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवली, म्हणजे जाताना तो परत चालू करायचं विसरत नाही. (हे शिकवल्याबद्दल माझ्या पोरांनी मला जेवण द्यायला हवं.) कॉलर माईक मेडलांपासून लांब, कोटाच्या आतून लावला, नाहीतर प्रत्येक श्वासाला खणखणाट. मुलाखत घेणाऱ्या मॅडम तयारीच्या होत्या, फक्त प्रश्नातच उत्तर असायचं. आणि अण्णांचा मुलगा अण्णांच्या आधी बोलायचा. पाहुण्यांसमोर म्हाताऱ्या माणसाला बोलू न देण्यात आपल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. त्याला मी रिफ्लेक्टर धरायला लावला, तेव्हा तो गप्प झाला.

अण्णा मात्र खुलले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारतीय फौजेचं पाऊलही आपल्या जमिनीवर नको होतं. मग इंचॉनच्या समुद्रात जहाजावरून अमेरिकन हेलिकॉप्टरनं उचलून थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन सोडायचे. "आमच्यातल्या कैकांनी मोटारबी नीट बघितल्याली नव्हती, अन् आमी हेलिकॉप्टरात!" तिथं तारेच्या कुंपणांची छावणी, नाव हिंदनगर. एकेका कंपाऊंडात पाचशेच्या आसपास कैदी. एका मेजरना कैद्यांनी आत ओढून धरलं, तेव्हा थोरात साहेब स्वतः कंपाऊंडात शिरले आणि त्यांना सोडवून आणलं. त्याबद्दल त्यांना अशोक चक्र, वर्ग 2 मिळालं, त्यालाच आता कीर्ती चक्र म्हणतात. हे सांगताना अण्णा खुर्चीतून उठले आणि फ्रेमच्या बाहेर गेले. मी कॅमेरा हलवला नाही, रिकामी खुर्ची आणि नुसता आवाज. तो तुकडा मला आजही सगळ्यात आवडतो.

मग मॅडमनी तंबूंचं विचारलं. ऑक्टोबरपासून कैद्यांना एकेक करून तंबूत आणायचे. टेबलामागे त्यांच्याच देशाचे अधिकारी, ते समजावणार, घरी चल म्हणून. शेजारी पाच देशांचे प्रतिनिधी. तंबूला दोन दारं. एकातून बाहेर पडलं की मायदेश, दुसऱ्यातून परत कंपाऊंड. कैदी थुंकायचे, खुर्च्या फेकायचे, म्हणून भारतीय शिपाई दोन्ही बाजूंनी दंड धरून आणायचे.

"एक पोरगा व्हता चिनी," अण्णा म्हणाले. "माज्याच वयाचा. दंडावर गोंदल्यालं, साम्यवादाच्या विरोधातलं. पर ह्यो वरडला न्हाई. सगळं ऐकून घेतलं. त्याचा दंड माज्या हातात, निस्ता थरथरत व्हता."

एवढ्यात वीज आली आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली.

मी हात वर केला, पण मॅडमनी अण्णांना थांबवलं नाही आणि अण्णा बोलत राहिले. गिरणीच्या घरघरीत त्यांनी सांगितलं की तो पोरगा मायदेशाच्या दाराकडे वळला. दंड सोडवून घेतला, जवळजवळ पळतच गेला. आणि पुढं म्हणाले, "तंबूत यायच्या आदीच ठरत व्हतं सारं. कंपाऊंडात त्येंचे म्होरके. रात्री कोण घरचं नाव काढतंय का बघायचे. काईजण अंधारात तार चढून आमच्याकडं यायचे, आमाला घरी जायचंय म्हणत. त्या पोराला दिवसाचं दार गावलं, एवढंच."

दळण संपेपर्यंत चहा झाला. मॅडम म्हणाल्या, अण्णा, तंबूचं पुन्हा एकदा सांगाल? आवाज आला मध्ये. अण्णांनी सांगितलं. तोच पोरगा, तेच गोंदण, तोच थरथरणारा दंड. पण या वेळी तो रडला आणि परत कंपाऊंडच्या दारानं गेला. म्होरक्यांचं, तारेचं काही आलंच नाही. मी हेडफोन काढून मॅडमकडे पाहिलं. त्या मान हलवत होत्या, छान, छान.

घरी येऊन मी पहिला टेक साफ केला. गिरणीची घरघर एकसुरी असते, ती काढता येते. सायकलच्या घंटीसारखा मध्येच येणारा आवाज निघत नाही, हा निघतो. अण्णांचा आवाज जरा पत्र्यातून आल्यासारखा झाला, पण शब्द न् शब्द कळत होता. दोन्ही टेक पाठवले, वर लिहिलं की दोन्हीत दार वेगळं आहे, एकदा खात्री करा. उत्तर एका ओळीचं: दुसरा घेतोय, ऑडिओ क्लीन आहे. फिल्ममध्ये त्या तुकड्यावर निवेदन आहे, हजारो कैद्यांनी स्वेच्छेनं स्वातंत्र्य निवडलं. आवाजासाठीच घेतला की निवेदनाला बसला म्हणून, मला सांगता येत नाही. दोन्ही कारणं खरी असू शकतात, आणि मला राग त्याचाच येतो.

मग मीच वाचत बसलो. ते समजावणं कुरबुरींमुळे मोजकेच दिवस चाललं आणि 23 डिसेंबरला संपलं. तंबूत तीन हजारांच्या वर कैदी आले, त्यातले मायदेशाच्या दारानं गेले 137. बाकीचे जानेवारी 1954 मध्ये परत अमेरिकेच्या बाजूला सोपवले गेले. त्यातले 14,000 हून जास्त चिनी तैवानला, म्हणजे साम्यवाद्यांच्या विरोधातल्या चिनी सरकारकडे पोचले, तिथं 23 जानेवारी 'स्वातंत्र्य दिन' म्हणून पाळू लागले. 88 जणांनी दोन्हीकडे नको म्हटलं, ते आपल्या फौजेबरोबर भारतात आले. मायदेशी गेलेल्या चिनी कैद्यांकडेही तिकडे संशयानंच पाहिलं गेलं.

आकड्यांनी पाहिलं तर दुसरा टेक खरा वाटतो, तीन हजारांत 137 म्हणजे काहीच नाही. पण मग वाटतं, जे रोज घडत होतं ते एवढी वर्षं कशाला लक्षात राहील? एकटा पळालेला पोरगा राहील. किंवा दोन पोरं असतील आणि अण्णांच्या हाताला दोन्ही दंड एकच वाटत असतील.

पेनड्राइव्ह द्यायला गेलो तेव्हा लॅपटॉप नेला. अण्णांना हेलिकॉप्टर आणि थोरात साहेब पाहायचे होते, ते पुन्हा पुन्हा पाहिले. मग पहिला टेक लावला. कानाशी हात धरून ऐकलं, म्हणाले, "हां, बरोबर." दुसरा लावला. "हे बी बरोबर." मी विचारलं, अण्णा, पोरगा गेला कुठं नेमका? मुलगा मध्येच म्हणाला, तैवानलाच की, फिल्ममध्ये आहे ना. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, हेलिकॉप्टरचं लाव परत.

संस्थेचा मेल येऊन पडलाय, करारानुसार मूळ फुटेज डिलीट केल्याचं कळवा. नातू म्हणतोय, काका, सगळं मला हवंय, हार्ड डिस्क घेऊन येतो. मी त्याला रविवारी या म्हणालोय. मेलला उत्तर अजून दिलेलं नाही.