अँबॅसिडरचे टॅपेट: वाजणारा दोन नंबर आणि गप्प बसलेला पाच नंबर

गाडी वडिलांची, १९८६ ची अँबॅसिडर मार्क ४, १४८९ सीसी पेट्रोल. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप, शेवटचे सेट केले त्याला साडेतीन हजार किलोमीटर झाले. दिवाळीपासून टिकटिक वाढत गेली होती, सांगली-मिरज फेरीत काचा वर असल्या तरी ऐकू यायची. रविवारी कव्हर उघडलं.

आधी अर्धा तास गाडी फिरवून आणली, कारण या इंजिनाचा १५ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; १५ म्हणजे ०.३८ मिमी) गॅप गरम इंजिनवर घ्यायचा असतो, इनलेटला आणि एक्झॉस्टला तोच. मग चारही प्लग काढले. प्लग निघाले की इंजिन फिरवायचं हँडल एका हाताने फिरतं. हँडलवर भाचा, रॉकरपाशी मी. आठ व्हॉल्व्हना ओळीने एक ते आठ नंबर. हिशेब नेहमीचा, दोन नंबरांची बेरीज नऊ: आठ नंबर पूर्ण दाबलेला असताना एक बघायचा, मग सहा दाबलेला असताना तीन, चार दाबलेला असताना पाच, आणि असंच पुढे.

एक आणि तीन बरोबर निघाले. पाचपाशी, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला, गॅप मोजायची १५ ची पट्टी (फीलर गेज) शिरेचना. चार नंबर पुरता दाबला गेला नसेल म्हणून हँडल परत फिरवायला सांगितलं. "आत्या, अजून पाव?" "पाव नाही, जरासंच." तरी नाही. १२ ची नाही, १० ची नाही. ९ ची पट्टी घासत गेली. पोटात गोळाच आला. हा व्हॉल्व्ह इतके दिवस अजिबात वाजत नव्हता, आणि मी वाजणाऱ्याच्या मागे लागले होते.

साडेतीन हजारात सहा थाऊ कमी होणं म्हणजे सीट, व्हॉल्व्ह बंद होताना जिच्यावर टेकतो ती कड, खाल्ली जातेय. या इंजिनांत सीट हेडच्या बिडातच (ओतीव लोखंडात) कापलेली असते. पेट्रोलमधलं शिसं तिच्यावर थर धरायचं. २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि तो आधार गेला. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकतो, दांडी वर येते, गॅप मिटत जातो. पार मिटला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि एक्झॉस्टची बहुतेक उष्णता तर सीटवाटेच हेडमध्ये जाते. मग तो जळतो. यंदा दोनदा भरल्या गाडीने आंबा घाट चढलेय, त्याचा हा परिणाम असावा.

लॉक नट सैल करून पाच १५ वर आणला. आवळताना स्क्रू नटाबरोबर किंचित फिरतोच, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घातली. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. तेल लागलेली पट्टी ओढताना बोटाला हलका चिकटपणा जाणवला पाहिजे, ढकलताना ती वाकता कामा नये.

टिकटिक दोन नंबरची होती. तिथे पट्टी बरोबर १५ दाखवत होती. टॉर्च लावून पाहिलं तर रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या दांडीएवढा खड्डा पडलाय, नखाला लागतो. रुंद पट्टी खड्ड्याच्या दोन्ही कडांवर टेकते आणि खालची पोकळी मोजलीच जात नाही. जुनी १५ ची पट्टी ग्राइंडरवर सहा मिलिमीटर रुंदीची करून घेतली. ती खड्ड्यात सैल खडखडली. त्याच पट्टीने सेट केला. रॉकर बदलेपर्यंत हे चालेल.

पूर्वी एका गॅरेजमध्ये आवाज बंद करायचा म्हणून आठही टॅपेट आवळून दिले होते. तेव्हा मला गाडी गोड चालतेय असं वाटलं होतं. आता कोणी तसं करायला निघालं तर मी हात धरेन.

प्लग बाहेर होतेच, म्हणून कॉम्प्रेशनही घेतलं: चारही सिलिंडर १२५ ते १३० पीएसआयच्या आत, म्हणजे अजून कुठला व्हॉल्व्ह गळत नाही. पाच नंबर जळायच्या आत सापडला. कव्हरला नवीन कॉर्क पॅकिंग टाकलं, वरचे दोन नट बेताने आवळले. पत्रा वाकला की तेल गळणं थांबत नाही.

गाडी आता थोडी वाजते, सगळीकडून सारखी. हजार किलोमीटरनंतर फक्त एक्झॉस्टचे चार, १, ४, ५ आणि ८, पुन्हा बघणार. पाच १३ च्या खाली आला तर हेड उतरवून चारही एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेणार.