पाणी प्यायचं कधी?

"पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनी हसली. "सकाळी चहा, मग थेट घरी आल्यावर. मध्ये प्यायलं तर जायचं कुठे?"

विरार ते चर्चगेट, तेही बहुतेक उभ्याने. लोकलमध्ये बाथरूम नाही, आणि स्टेशनवरच्यात पाय ठेववत नाही.

जेवायला बसली की जबड्याखाली सुपारीएवढी गाठ यायची, तासाभराने उतरायची. घरात सगळ्यांचा संशय दाढेवर. निघाला लाळग्रंथीच्या नळीतला खडा! पाणी कमी पडलं की लाळ घट्ट होते, वाट अडते, ग्रंथी सुजते. सध्या गरम शेक, हलका मसाज, चघळायला लिंबाची आंबट गोळी आणि भरपूर पाणी. ताप किंवा पू आला तर मात्र लगेच दाखवायचं.

शेक घरी होईल. पण पाण्याचं काय? तुमच्या लेडीज डब्यातल्या बायका काय करतात?