सड्यावरची खाण आणि आमची लोकसुनावणी (माझा अनुभव)

मागच्या डिसेंबरात रात्री साडेदहाला काकीचा फोन आला. काकी साडेनऊला झोपणारी बाई, त्यामुळे मी आधी घाबरलोच. म्हणाली, "रे झिला, सड्यार खाण येतली म्हणतत, पंचायतीत कागद चिकटवलेलो आसा, तू शिकलेलो मां, वाचून सांग काय ता." मी ठाण्यात अकाउंट्सचं काम करतो, खाणीतलं मला शष्प कळत नाही, पण शिकलेलो म्हटल्यावर सुटका नाही.

दुसऱ्या दिवशी चुलत भावाने कागदाचा फोटो पाठवला. 'पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी', आमच्या सड्यावर (म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर) जांभा खनिजाची खाण, क्षेत्र तीसेक हेक्टर, आणि तारीख बघितली तर मोजून 11 दिवस उरलेले. गावाचं नाव इथे लिहीत नाही कारण प्रकरण अजून चालू आहे, दक्षिण कोकणातलं मालवणी बोलणारं गाव आहे एवढं पुरे.

मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की हे सगळं 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार चालतं. मोठे प्रकल्प पर्यावरण मंजुरीसाठी दिल्लीला जातात, त्याखालचे 'ब' वर्गातले राज्याकडे, म्हणजे राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे, आणि त्यांना सल्ला द्यायला एक तज्ज्ञ समिती असते. आमची खाण ब वर्गातली, त्यामुळे सगळा कारभार राज्याचाच, सुनावणी घ्यायची ती पण राज्याच्या प्रदूषण मंडळाने. नियमाप्रमाणे लोकांना निदान 30 दिवस आधी कळायला पाहिजे, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात जाहिरात द्यायची. जाहिरात आली होती हो, वेळेत आली होती, फक्त तो पेपर आमच्या गावात एकाच घरी येतो आणि ते घर मे महिना आणि गणपती सोडून बंद असतं. (2020 च्या नव्या मसुद्यात हे 30 दिवस 20 वर आणायचा विचार होता, त्यावर देशभर बोंबाबोंब झाली. आम्हाला 11 च मिळाले, त्यामुळे तसाही फरक पडला नसता.)

चार दिवसांची रजा टाकून गावी गेलो. पंचायतीत मराठी सारांश होता, बारा-चौदा पानांचा, कोणी उघडलेला नव्हता आणि उघडून उपयोगही नव्हता. क्रशर प्लांटचं भाषांतर 'चुरडणारी वनस्पती'. ओव्हरबर्डनचं (म्हणजे खनिजावरची काढून टाकायची माती-दगड) 'जास्तीचे ओझे', आणि ते ओझं 'व्यवस्थित रचून त्यावर वृक्ष लावले जातील'. भावाने देवळात हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा लोक हसून हसून लोळले, पण मग एक म्हातारे बाबा म्हणाले म्हणजे ह्यात आपल्या बावींचा (विहिरींचं) काय लिवलेला आसा ताच कळना नाय, आणि सगळे गप्प झाले.

खरा अहवाल इंग्रजीत. तो कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना बघायला ठेवायचा असतो. मी ज्या पहिल्या ऑफिसात गेलो तिथे असं काही आलंच नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी आलंय पण कपाटाची चावी साहेबांकडे आणि साहेब मीटिंगला. दुपारी तीनला साहेब आले, जाडजूड फाइल मिळाली, वरच्या प्लास्टिकचं सील पण फोडलेलं नव्हतं. झेरॉक्स मिळणार नाही, इथेच बसून वाचा. तीनशेच्या वर पानं, ऑफिस पावणेसहाला बंद. मी मोबाइलवर एकेक पानाचा फोटो काढायला सुरुवात केली, दीडशेव्या पानाला बॅटरी संपली तेव्हा तिथल्या क्लार्क मॅडमनी स्वतःचा चार्जर दिला आणि हळूच म्हणाल्या "पाण्याचं बघा, सगळे तिथेच चुकतात". त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

रात्री ते फोटो लॅपटॉपवर टाकून वाचत बसलो. मला तांत्रिक कळत नाही पण हिशेब कळतो, आणि हिशेब जुळत नसला की कळतो. पहिली गोष्ट, सगळा अभ्यास मार्च ते मे. ह्यात बेकायदा काही नाही, एका ऋतूची माहिती आणि ती पण पावसाळा सोडून अशीच पद्धत आहे. पण ज्यांनी कोकणातला सडा बघितलाय त्यांना सांगायला नको, मे महिन्यात सडा म्हणजे तापलेला काळा कातळ, त्यावर चप्पल काढून पाय ठेवता येत नाही. तोच सडा जूनमध्ये पाण्याने भरतो, कातळातल्या खळग्यांची तळी होतात, श्रावणात गेंद, सीतेची आसवं फुलून पांढरं-जांभळं होतं सगळं. कोकण दिपकाडीसारखं फूल तर जवळपास फक्त कोकणातल्या सड्यांवरच येतं. अहवालात आमचा सडा कसा आहे? 'पडीक, खडकाळ, वनस्पती विरळ.' मे महिन्यात बघितल्यावर दुसरं काय लिहिणार.

दुसरी गोष्ट पिकांची. परिसरातली मुख्य पिकं म्हणून ज्वारी आणि ऊस लिहिलेले, माती काळी. आमच्याकडे ज्वारी! म्हणजे घाटावरच्या कुठल्या तरी अहवालातलं पान उचलून इथे चिकटवलेलं. मला वाटलं ही आमच्याच नशिबी आलेली थट्टा, पण नंतर वाचनात आलं की पूर्वी रत्नागिरीतल्याच एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चची जंगलं निघाली होती कारण तो मजकूर रशियातल्या एका खाणीच्या अहवालातून उचललेला. त्यामानाने आमचा कन्सल्टंट निदान महाराष्ट्रातच राहिला. आणि हा कन्सल्टंट नेमतं कोण तर ज्याला खाण काढायची तोच, पैसे देतो तोच. सरकारी यंत्रणेने तो तपासायचा असतो, पण सील न फोडता कसा तपासतात ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरी आणि खरी गोष्ट, पाणी. अहवालात वाक्य होतं की खाणीची खोली भूजलपातळीच्या वरच राहील, सबब परिणाम नाही. आता आमच्याकडे विहीर खणणारे गडी शाळेत गेलेले नाहीत पण त्यांना माहीत असतं, वर जांभा, जांभ्याच्या खाली शेडी, म्हणजे चिकणमातीचा थर. जांभा स्पंजासारखा, पावसाचं पाणी पितो, शेडीत ते उतरत नाही, मग ते शेडीवरून सरकत सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. वरच्या वाडीच्या चारही बावी आणि देवळाजवळचा पऱ्या (ओढा) ह्या पाण्यावर. म्हणजे भूजलाला हात लावायचीच गरज नाही, स्पंजच कापून नेला की संपलं. आणि अहवालाने पाण्याचे नमुने घेतलेले ते सगळे खालच्या गावांतले, वरच्या वाडीतली एकही बाव नाही, आणि पऱ्या तर नकाशावर पण नाही.

मग देवळात बैठक झाली. वादावादी झालीच, माझ्या भावाचाच डंपर आहे, त्याचं म्हणणं खाण आली तर हप्ते सुटतील, इथे पोरांना काय काम आहे सांगा. त्याचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही, मी स्वतः ठाण्यात नोकरी करतो. पण पाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं, त्याचं पण.

पुरावा काय द्यायचा हा प्रश्न होता कारण डिसेंबरात सडा परत सुकलेला. मास्तर म्हणाले चाकरमान्यांचे गणपतीतले फोटो मागवा. आणि खरंच, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला तर दोन दिवसांत शंभर-सव्वाशे सेल्फी आले, डोंबिवली, नालासोपारा, पुणे, एक तर दुबईहून. सगळ्यांनी दात काढलेले, आणि मागे भरलेली तळी, फुलं, वाहता पऱ्या, फोटोवर तारीख. ते सगळे कलर प्रिंट काढून, मागे जागा लिहून जोडले. हरकती पण प्रत्येकाने आपापल्या शब्दांत लिहिल्या, छापील एकच मजकूर सगळ्यांनी दिला की तो एकच हरकत धरतात असं एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं होतं. 70 च्या वर झाल्या. आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, शिक्का, सही, आवक नंबर. क्लार्क वैतागला, म्हणाला सगळ्यांची मिळून एकच पोच देतो. मी म्हटलं नको, आम्ही थांबतो. दोन तास थांबलो.

सुनावणीच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव, लाल खुर्च्या, पोलिसांच्या दोन गाड्या, नाश्त्याचे बॉक्स. सकाळीच दोन बस भरून अनोळखी माणसं येऊन पुढच्या रांगांत बसलेली. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी दर्जाचे, त्याखालचा अधिकारी चालत नाही. कन्सल्टंटने स्लाइड दाखवल्या, मांडवात एवढा उजेड की पडद्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि भाषा मराठी पण दर वाक्यात 'मिटिगेशन मेजर्स'. पुढच्या रांगांतून रोजगाराची चार-पाच भाषणं झाली, एकाने तर गावाचं नावच चुकीचं घेतलं.

मग काकी उठली. माइक तोंडाला लावायचा असतो हे तिला माहीत नाही, तिने तो काठीसारखा धरला आणि तशीच बोलली, सगळ्यांना ऐकू गेलं. "माजो एकच सवाल आसा. तुमी हय कधी इलास? मे म्हयन्यात. तेव्हा सड्यार काय गावतला, कातळ. आमची बाव खंयच्या पाण्यार भरता ता बघूक पावसात कोण इलो? पावसात येवा, मी दाखवतंय. चाय पण देतंय." टाळ्या पडल्या. कन्सल्टंट म्हणाला, "आपली सूचना नोंदवून घेतली आहे."

ह्या 'नोंदवून घेतली'वरच सगळं अडतं हे मला वकिलांनी आधीच बजावलेलं. संध्याकाळी साडेसहाला समारोप सुरू झाला, इतिवृत्त नंतर तयार करून पाठवू म्हणाले, मांडववाल्याने खुर्च्या उचलायला पण सुरुवात केली. मी अधिसूचनेचं पान प्रिंट काढून खिशात ठेवलं होतं, घामाने ओलं झालेलं, ते घेऊन पुढे गेलो. त्यात स्पष्ट आहे की सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त लोकांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी सही व्हायची. आवाज कापत होता माझा, खोटं कशाला बोलू. अध्यक्षांनी पान घेतलं, चष्मा लावून वाचलं, आणि एवढंच म्हणाले, "वाचून दाखवा." मान गेलो त्यांना.

वाचलं तर पाच तासांच्या सुनावणीची अडीच पानं. पाण्यावर एक ओळ, 'ग्रामस्थांनी पाण्याबाबत शंका व्यक्त केली.' शंका! मग गलका झाला, व्हिडिओ शूटिंग चालू होतंच, आम्ही म्हटलं शूटिंग लावा आणि ऐका. शेवटी रात्री पावणेनऊला पेट्रोमॅक्ससारख्या एका हॅलोजनखाली, किडे पडतायत कागदावर, अशा अवस्थेत तीन वाक्यं घातली गेली, वरच्या वाडीच्या चार बावी, पऱ्या, आणि पावसाळ्यात पाहणी करावी ही मागणी, फोटो जोडल्याच्या उल्लेखासकट. सही झाली. भाऊ म्हणाला तीन वाक्यांसाठी आख्खा दिवस घालवलास. नंतर कळलं की समितीसमोर आमच्यातलं कोणी नसतं, कागदच जातो, तेव्हा ती तीन वाक्यंच आमच्या वतीने तिथे हजर होती.

पुढचे काही महिने परिवेश, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या प्रकरणांचं केंद्राचं पोर्टल, बघण्यात गेले. मधे कंपनीने अंतिम अहवाल टाकला, त्यात आमच्या हरकतींचा तक्ता, डावीकडे हरकत उजवीकडे उत्तर, आणि उजवीकडे सगळीकडे 'योग्य ती काळजी घेण्यात येईल'. ज्वारी मात्र गेली होती, ऊस राहिला होता.

त्याच काळात वाचलं की जानेवारी 2022 मध्ये केंद्राने राज्यांच्या ह्या प्राधिकरणांना स्टार द्यायची पद्धत काढली होती. सरासरी 80 दिवसांच्या आत मंजुरी दिली तर 2 मार्क, 120 च्या वर गेलं तर शून्य, आणि जागेवर पाहणीला शंभरात दहापेक्षा कमी वेळा गेलात तर त्याचाही मार्क. परीक्षेत पेपर लवकर टाकून बाहेर येणाऱ्याला पहिला नंबर देण्यासारखं झालं हे. त्यावर टीका झाली, केंद्राने खुलासा केला, पण डोक्यात ते राहिलं. आणि समितीतल्या लोकांना मी शिव्या देऊ शकत नाही, एका बैठकीचा अजेंडा बघितला तर एवढी प्रकरणं रांगेत की आमच्या सड्याच्या वाट्याला किती मिनिटं आली असतील देव जाणे.

तरी मे महिन्यात समितीच्या बैठकीचे मिनिट्स (इतिवृत्त) अपलोड झाले तेव्हा त्यात आमच्या प्रकरणापुढे लिहिलेलं होतं, निर्णय पुढे ढकलला, वरच्या वाडीच्या विहिरी आणि झऱ्यासह पावसाळ्यातला भूजल अभ्यास सादर करावा. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ते चार वेळा वाचलं आणि मग काकीला फोन लावला. ती म्हणाली "म्हणजे येतले?"

आले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन तरुण पोरं, नवे कोरे रेनकोट, हातात जीपीएस आणि एक टेप. मी नव्हतो, भावाने व्हिडिओ पाठवला, डंपरवाल्यानेच त्यांना सड्यावर नेलं. एकाचा बूट खळग्यात गेला तो गुडघ्यापर्यंत. बावीत टेप सोडली तर पाणी काठापासून हातभर खाली. काकीने चहा दिला, आणि मग पऱ्याचं नाव काय लिहायचं म्हणून त्या पोराने विचारलं तर तिथे जमलेल्यांनी तीन वेगवेगळी नावं सांगितली, शेवटी काकीने सांगितलं तेच त्याने लिहून घेतलं, आणि काकीने त्याला ते परत वाचून दाखवायला लावलं.

तो अहवाल अजून आलेला नाही. मंजुरी मिळालीच तर हरित लवादात अपिलाला 30 दिवस असतात, आणि त्याचं खंडपीठ पुण्यात आहे, त्यामुळे रोज सकाळी लोकलमध्ये बसलो की आधी परिवेश उघडतो, मग पेपर.